आईसाठी केलेला समुद्र

शाळेतून घरी यायचं, चहा घ्यायचा, जेवणाच्या टेबलावर कागद, कात्र्या आणि गोंदाच्या बाटल्यांचा पसारा मांडायचा आणि नवऱ्याला ताट मांडीवर घेऊन जेवायला लावायचं, हा अमरावतीतल्या आमच्या घरातला चार वर्षांपासूनचा रिवाज. मी हातानं कार्डं करते. त्यात माझे सगळ्यात लाडके म्हणजे पंच. कागद आत सरकवून वरून दाबलं, की खटकन मासा खाली पडतो. शंख, शिंपला, तारामासा, सगळ्यांचे पंच आहेत. डबाभर जलचर जमवलेत मी, आणि तेही वऱ्हाडात बसून.

समुद्राचं वेड मात्र माझं नाही, आईचं. आई अकोल्याला माझ्या भावाकडे असते. त्याआधीचं सगळं आयुष्य तिनं मूर्तिजापूरकडच्या वावरात काढलं. टीव्हीवर समुद्र दिसला की ती हातातलं निवडणं बाजूला ठेवायची. "एवढं पानी, अन् घोटभर पेता येत नाई, काय कामाचं वं?" असं म्हणायची, पण चॅनल बदलू द्यायची नाही. एकदा तिनं सरळच विचारलं, "मले एकडाव समिंदर पाहाचा हाय. तू नेशीन का?"

मी लगेच हो म्हटलं. हो म्हणण्यात मी कधीच कमी पडत नाही. त्या उन्हाळ्यात पेपर तपासायचे निघाले, पुढच्या उन्हाळ्यात लेकीची ॲडमिशन. तिसऱ्या वर्षी आम्ही नवऱ्याच्या मित्रांसोबत कोकणात जाऊन आलो. गाडीत जागा नव्हती, असं मी आईला सांगितलं. जागा होती. म्हाताऱ्या माणसाला सांभाळत फिरायचा मला कंटाळा आला होता.

मग भावाचा फोन आला. "आईले आजकाल कमी दिसते. काल दाराच्या चौकटीवर आदळली." मी वही तपासता तपासता म्हटलं, "मोतीबिंदू असन. पिकू दे, मंग काढू." आमच्याकडे मोतीबिंदू आंब्यासारखा पिकू द्यायचा असतो. मामाचा पिकवला, आत्याचा पिकवला, दोघांचंही छान झालं. आणि मी पडले शिक्षिका, माझा शब्द भावानं खाली पडू दिला नाही. मी दिवाळी झाल्यावर पाहू म्हणाले, दिवाळी झाल्यावर संक्रांतीचं काढलं. एकदाही म्हटलं नाही की आधी डॉक्टरला दाखवून तर ये.

आईची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. भावानंच अंदाजपंचे हिशोब करून तिची पंचाहत्तरी ठरवली, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. तेव्हा मला ते समुद्राचं कार्ड सुचलं. नेणं झालं नाही तर निदान हे, असा विचार मनात नव्हता असं मी म्हणणार नाही.

शनिवारी दुपारी करायला बसले. जाड कागदावर फिकट ते गडद असे निळे थर दिले. त्यावर लाटांचा स्टेन्सिल चिकटवला आणि टेक्स्चर पेस्ट, जी चक्क्याइतकी घट्ट असते, ती जुन्या एटीएम कार्डानं ओढून पसरली. स्टेन्सिल अलगद उचलला तर कागदावर लाटा उभ्या! शेंड्यांवर बोटानं फेस काढला. खालच्या कडेला पेस्टमध्ये बारीक रवा मिसळून वाळू केली. चंदेरी कागदाचे सात मासे पाडले आणि एकेक डकवला. इतकं जमलेलं कार्ड मी आधी केलं नव्हतं.

एवढी जाड पेस्ट आतपर्यंत वाळायला दोन दिवस लागतात, हे मला ठाऊक होतं. पण वरून कोरडी लागत होती. आणि आमच्या घरात चांगली वस्तू उघडी ठेवायची पद्धत नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, चांगल्या कपबश्या शोकेसमध्ये. मी ते कार्ड काचेच्या फ्रेममध्ये घातलं, दाबून मागच्या क्लिपा लावल्या आणि सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले.

जेवणं होईपर्यंत आई पाहुण्यांच्या गराड्यात एका जागीच बसून होती, ते उठल्यावर मी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. तिनं काचेवरून तळहात फिरवला.

"काय हाय वं हे? गुळगुळीत लागून राहिलं."

"समिंदर हाय आई."

"कोठी?"

कुठं आहे असं विचारून थट्टा करते आहे, असं मला वाटलं. मी हसलेसुद्धा. भाऊ मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. आठवड्यापूर्वी त्यानं तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर औषध सुरू झालं असतं तर होती तेवढी टिकली असती. आता तिला उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. "आईनंच म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मंग सांगजो तिले." पिकू दे कुणी म्हटलं होतं, ते भाऊ बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मी बाहेर आले आणि तिच्यासमोर बसून क्लिपा काढल्या. डोळ्यांनी नाही तर बोटांनी तरी लाटा लागतील. पण काच उचलली आणि लाटाही काचेबरोबरच उचलल्या गेल्या. पेस्ट आत ओलीच राहिली होती. कार्डासाठी दोन दिवस मला थांबता आलं नाही, आणि तिच्या डोळ्यांसाठी मी महिनोन्महिने आरामात थांबले होते.

आईची बोटं उरलेल्या कागदावर फिरली. "हा मासा हाय का?"

"हो."

"अन् पानी?"

"पानी काचेले चिपकलं."

ती हसली. मनापासून हसली. मला ते सहन होईना, आणि मी घाईघाईनं म्हणाले, "आई, सुट्ट्या लागल्या का जाऊ आपण दोघी. खरंच जाऊ. मी तिकिटं काढून टाकते."

"आता काहून?" ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. आता कशाला, असं ती खरंच विचारत होती. तिचा चेहरा माझ्याकडेच वळलेला होता. त्या वेळी एका गोष्टीचं मला बरं वाटलं, की तिला माझं तोंड दिसत नाही. असं बरं वाटलं, याची लाज मला अजून वाटते.