कावेरीच्या पोटातला अमीबा

सिल्वासातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये कुसुम साळवी काम करतात, आणि निम्म्या गावाची पोटं त्यांनी आतून पाहिलेली आहेत. हे त्या स्वतःच सांगतात, तेही भाजी निवडता निवडता, चारचौघांत. ऐकणारा ओशाळतो, कुसुमताई नाही. लग्न होऊन चिपळूणहून इथे आल्या तेव्हापासून काम हेच: डबीतला शौचाचा नमुना काडीने उचलायचा, काचेवर आयोडीनच्या थेंबात कालवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. जंताचं अंडं असो की अमीबाची पुटी, म्हणजे कवचात गुंडाळलेला अमीबा, त्यांच्या नजरेतून सुटून जाणं कठीण.

गेल्या वर्षी लॅबमध्ये स्नेहल आली आणि तिच्याबरोबर पीसीआरचं मशीन आलं. मायक्रोस्कोप परजीवीचा चेहरा दाखवतो, मशीन त्याचा डीएनए शोधतं. एकच नमुना दोन्ही पद्धतींनी तपासायचा आणि निकाल ताडून पाहायचे, हे स्नेहलचं काम. कुसुमताईंना ते सरळसरळ आव्हान वाटलं, आणि त्यांनी पदर खोचला.

सुरुवातीलाच खानवेलच्या एका बाईच्या नमुन्यात मशीनला काही सापडलं नाही. कुसुमताईंना मात्र अंकुशकृमीची अंडी दिसली, आणि तीही भरपूर.

"ताई, या किटमध्ये अंकुशकृमी धरलेलाच नाही," स्नेहल म्हणाली. "मशीन विचारलं तेवढंच शोधतं."

"मी न विचारता सांगते," कुसुमताई म्हणाल्या आणि अख्ख्या लॅबला चहा पाजला. त्यानंतर मशीनपाशी जाण्याची त्यांना गरज वाटेना. वाटली ती कावेरीमुळे.

कावेरी नंदुरबारकडची. नवऱ्यामागे इथे आली आणि एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करू लागली. स्वयंपाकघरातल्या माणसांची तिथे तपासणी होते. कावेरीच्या नमुन्यावर कुसुमताईंनी लिहिलं, 'अमीबाच्या पुट्या आढळल्या.' तिने औषध घेतलं, पुन्हा तपासलं, पुन्हा पुट्या. तिसऱ्या खेपेला ती डबी टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"बेन, आता बी तसाच रिपोर्ट आला ना, तर ठेकेदार माले काढी टाकीन. पोट दुखत नाही, जुलाब नाही. हात साबू लावूनच धुते मी. मग माले काबरं काढता?"

कुसुमताईंनी स्लाइड लावली. त्याच गोल पुट्या, आत तीच चार केंद्रकं. 'काही आढळलं नाही' असं लिहून बाईची नोकरी वाचवता आली असती, पण खोटं लिहिणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तरीही पेन पुढे सरकेना. या अमीबाचा एक जुळा भाऊ आहे, हे त्यांनी शिकत असतानाच वाचलं होतं. एक आतडं पोखरतो, दुसरा पोटात नुसता पडून असतो, कुणाचं काही बिघडवत नाही. दोघांच्या पुट्या अगदी सारख्या. कितीही तयार डोळा असला तरी त्यातून ओळख पटायची नाही. म्हणून रिपोर्टात आजवर सरसकट एकच नाव जात आलं, आणि कुणी कधी हटकलं नव्हतं.

ओळखणारं मशीन चार पावलांवर होतं. तेवढं अंतर चालणं कुसुमताईंच्या फार जिवावर आलं. पण त्या उठल्या आणि डबी स्नेहलपुढे ठेवली.

"पुटी आहे, ते मी सांगते. कुणाची आहे, ते तू सांग."

स्नेहलने तोंडावर हसू येऊ दिलं नाही, हा तिचा मोठेपणा. दुपारनंतर निकाल आला. रोग करणाऱ्या अमीबाचा मागमूस नव्हता. होता तो निरुपद्रवी भाऊ.

"म्हणजे इतके दिवस मी चुकत होते?"

"नाही ताई. पुट्या होत्याच, तुम्हीच त्या दाखवल्या. नाव सांगणं मायक्रोस्कोपच्या हातात नव्हतं."

कुसुमताईंनी तसा रिपोर्ट तयार केला, डॉक्टरांची सही घेतली, आणि कावेरीला विचारून ठेकेदाराला फोन लावला. तो आधी जोरात बोलत होता. शेवटी "हा बेन, हा बेन" एवढंच म्हणत राहिला. कावेरीची नोकरी राहिली. रिपोर्ट हातात घेऊन ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बेन, मग सोनमच्या पोटात बी असाच होता का?"

"कोण सोनम?"

"माझ्या आधी पोळ्या ती करायची. असाच रिपोर्ट आला अन् काढलं तिला. आता सुरंगी गावाला असते, जंगलात मजुरीला जाते."

कुसुमताईंना सोनमचा चेहरा आठवेना. त्यांनी तिची फक्त डबी पाहिली असणार. ती स्लाइड केव्हाच धुतली गेली होती. आत कोणता अमीबा होता हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. रिपोर्ट मात्र त्यांच्याच हातचा, आणि तो लिहिताना त्यांचं पेन जराही अडलं नसणार. त्यांना फार वाईट वाटलं.

"तिला निरोप दे," त्या म्हणाल्या. "म्हणावं, कुसुमताईंनी पुन्हा तपासायला बोलावलंय."

कावेरीने मान हलवली. "नाही येणार, बेन. तुमचं नाव सांगितलं तर मुळीच नाही येणार."

कुसुमताईंनी कपाटातून एक रिकामी डबी काढली, पर्समध्ये टाकली आणि स्नेहलला विचारलं, "उद्या सकाळी सुरंगीची बस किती वाजता असते गं?"