काठावरून सुटणारा जाळ

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. गच्चीवरच्या टाकीत गाळ बसतो तसे ते आपोआप बसतात, आणि टाकी धुवायला काढली की कळतं किती साचलेत. माझ्याकडे साचलेत ते शेजारच्या सरांच्या गच्चीवरचे. सर लातुरात इंग्रजी शिकवून रिटायर झाले. एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना सूर्य बघायची खास दुर्बीण पाठवली. रोज सकाळी तिला डोळा लावायचा आणि सूर्याच्या काठावर उठलेले जाळ वहीत काढायचे, हा त्यांचा नेम. बरेचसे जाळ जागीच राहतात. एखादा मात्र काठ सोडून सरळ आभाळात निघून जातो म्हणे. तो एकदा बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि त्यांची नजर जात चालली होती.

मी दहावी पास. पण माझी गच्ची त्यांच्या गच्चीला लागून, म्हणून मला सगळं माहीत!

*

पहिल्यांदा मी कठड्यावरून वाकून विचारलं, "सर, काय करून राहिलात?" त्यांनी बोलावून दाखवलं. लाल थाळी, आणि तिच्या कडेला केसाएवढी कमान.

"याला प्रॉमिनन्स म्हणतात. मूळ शब्द लॅटिन. कडेच्या बाहेर येणं, डोकावणं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता तुम्ही कठड्यावरून करत होता तेच."

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, महिनाभर मला त्याच नावानं हाक मारत होत्या.

*

रथसप्तमीला काकू गच्चीवर गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालतात. आमच्याकडे ते कोणत्या दिशेला जातं ते बघतात. त्या वर्षी दूध पूर्वेला गेलं. सर दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "अगं, तिकडंही उतू चाललंय."

काकू फुंकणी खाली न ठेवता म्हणाल्या, "तिकडं कोण फुंकून राहिलंय?"

सर इतके हसले की डोळे पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, उजव्या डोळ्याला काकूंचा चेहरा दिसतोय, पण हातातली फुंकणी दिसत नाही.

*

कोपऱ्यावरचे किराणावाले अप्पा दुकान उघडायच्या आधी गच्चीवर यायचे. सर त्यांना ग्रहणाचं सांगत होते. सूर्य पूर्ण झाकला की भोवती पांढरं तेज दिसतं, त्याला कोरोना म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मुकुट.

अप्पांचा धाकटा भाऊ त्या साथीत गेला होता. चेहरासुद्धा बघायला मिळाला नव्हता.

अप्पा चहा ठेवून उठले. "सर, तुमचं सगळं ऐकतो. तेवढा शब्द माझ्यासमोर नको."

सरांनी त्यानंतर तो शब्द कधी काढला नाही. कधी सांगायची वेळ आलीच तर 'ते भोवतीचं' म्हणायचे. अप्पा महिनाभरानं परत आले, तेव्हा काकूंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

*

डोळे दाखवायला नांदेडला न्यायचं ठरलं. माझं माहेर मुदखेड, नांदेड मला पाठ, म्हणून मीही एसटीत बसले. मला बोलावलं नव्हतं, ते वेगळं.

डॉक्टरांनी तपासून ग्लॉकोमा सांगितला. म्हणजे काचबिंदू. काकूंनी पदर तोंडाला लावला. सर डॉक्टरांना म्हणाले, "शब्द ग्रीक आहे, लॅटिन नाही. निळसर-करडा रंग, असा अर्थ."

डॉक्टर तरुण होता, पण चांगला. म्हणाला, "सर, शब्द कुठूनही आलेला असो. डोळ्यामागची नस वाळलीय. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं टिकतंय का ते बघू."

परतीची एसटी अहमदपूरला थांबली. मग सरांनी विचारलं, "आज वहीत काय लिहायचं?"

*

हा किस्सा माझा आहे आणि तो मला आवडत नाही.

सूर्याकडे बघून बघून सरांचे डोळे गेले, असं मी भाजीच्या गाड्यावर बोलले. खरं तर त्या दुर्बिणीत काच अशी होती की डोळ्याला धोका नव्हता, आणि सरांच्या वडिलांनाही काचबिंदू होता. मला दोन्ही माहीत होतं. तरी बोलले. गल्लीतली पोरं सूर्य बघायला सरांच्या गच्चीवर यायची, ती आठवड्यात यायची बंद झाली.

मी कबूल केलं तेव्हा सर म्हणाले, "बरं झालं. तुम्ही सांगितलं की जाहिरात करावी लागत नाही."

काकू मात्र चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

काचबिंदूत आधी कडा जातात. सरांना सूर्याचा मधला भाग दिसायचा, काठ दिसायचा नाही. आणि जाळ सगळे काठावर. पुढे मधलंही गेलं. मग मी बघायची आणि सांगायची, "सर, घड्याळात तीन असतात तिथं एक आहे, ठेंगणा." ते काकूंची बांगडी कागदावर ठेवून चाचपत गोल काढायचे आणि तिनाच्या जागी रेघ मारायचे. ढग असले की 'ढग' लिहायचे.

*

शेवटची सकाळ. दुसऱ्या दिवशी सरांचा मुलगा दोघांना पुण्याला न्यायला येणार होता. दुर्बीण चाकूरच्या एका शाळेला द्यायची ठरली होती. सकाळी ऊन बघून काकूंनी न्यायला म्हणून कुरडया घातल्या आणि खाली भांडी बांधायला गेल्या. आम्ही दुर्बीण लावेपर्यंत आभाळ भरून आलं, अंगावरचं ऊन गेलं. मी डोळा लावला. आत नुसता काळोख.

"काय आहे?" सरांनी विचारलं. पेन तयार होतं.

"सर, सुटला."

"काय सुटलं?"

"जाळ. काठ सोडला त्यानं. वर चाललाय."

त्यांचा हात थांबला. "नीट सांगा. कसा?"

"वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं दोरीवरून सुटतं, तसा. लई मोठा आहे. खालचं टोक तुटलं. आता सगळाच वर."

त्यांनी गोल काढला. काठापासून रेघ उचलली आणि वर नेत राहिले. कागद संपला, तरी पेन थोडा वेळ हवेत चाललं. मग त्यांनी टोपण लावलं, वही मिटली आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, वर ये. ढग आलेत. कुरडया उचल."