गोदाकाकूंचा देवकापूस

वाती वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मात्र मोकळं. मग वातींपेक्षा गोष्टीच जास्त साठतात! अमरावतीच्या आमच्या गल्लीतल्या आम्ही बाया दुपारी गोदाकाकूंच्या अंगणात, त्यांच्या देवकापसाच्या झाडाशी बसायचो. एकदा लावावं आणि वर्षानुवर्षं वेचावं, असं ते झाड. देवाची वात त्याचीच.

काकूंचा लक्षवातींचा नवस होता. लेक चांदूर बाजारला सासरी गर्भार. आधीची दोन बाळं माहेरी दगावली, म्हणून या खेपेला तिला इकडे आणलीच नाही. "घरच्या झाडाच्या लाख वाती जाळीन, अन् तोवर लेकीची खबर कानावर घेणार नाई," असं काकू देवापुढे बोलून बसल्या!

*

सातासमुद्रापार लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. शेजारच्या महादेवभाऊंनी तर तुळशीवृंदावनातही सरकी टोचली! त्यांची बायको भागाबाई कडाडली, "आता माह्या अंबाड्यातही पेरा! फुलाऐवजी बोंडं माळीन!"

*

भागाबाईच्या वालाला चढायला दोरी उरली नव्हती. सगळी कापसाच्या गाठोड्यांना गेलेली. वेल सरळ भाऊंच्या वाळत घातलेल्या पागोट्यावर चढला. भाऊ सोडवायला गेले.

"हात नका लावू! कळ्या धरल्या हायेत!"

भाऊ बोडक्यानंच बाजारात गेले. लोक हळहळून विचारायचे, "कोण गेलं हो घरचं?"

"गेलं कोणी नाई. वाल आला!"

*

एकदा एक दलाल काकूंच्या दारात थबकला. "बाई, ही बोंडं देता का? म्हणाल तो भाव."

"ज्याचं झाड, त्याले विचारा."

"मालक कुठं हायेत?"

काकूंनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. दलालानं जोडे काढले, नमस्कार केला आणि आल्या पावली परत गेला!

*

मग ते झालं. कापसाच्या गाड्या गल्लीत अडकल्या आणि एका बैलजोडीनं काकूंचं झाड बुंध्यापर्यंत खाल्लं. आम्ही रडकुंडीला आलो. काकूंनी बुंध्याला शेण लिंपलं, मुळाशी गळकं मडकं पुरलं, आंघोळीचा दगडही तिथंच हलवला.

"काकू, यातून काय फुटते आता?"

"मी आंघोळ करून राहिली. फुटायचं काम त्याचं."

आणि फुटलं! उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेल्या असताना, पहिल्यापेक्षा दाट!

*

मधेच चांदूर बाजारहून माणूस आला. तो तोंड उघडणार, इतक्यात काकूंनी दोन्ही कानांत बोळे कोंबले. वर आम्हाला बजावलं, "हा बाजारचा कापूस हाये बरं!"

आम्हीही त्याला बोलू दिलं नाही. ऐकलं असतं, तर आमच्या तोंडावर दिसलं असतं.

*

नवसाच्या शेवटच्या दिवशी लाखाला एक वात कमी पडली. झाडावर एकच बोंड, तेही मिटलेलं. आम्ही सगळ्या त्याच्यापुढे बसून राहिलो. दुपारचं ऊन चढलं आणि टचकन ते उकललं. काकूंनी सरकी काढली, वात वळली, लावली.

तोच दाराशी बैलांची दमणी थांबली. लेक आत आली. तिच्या कडेवरचं बाळ टाहो फोडत होतं. काकू वळल्या नाहीत. ज्योतीला तळहाताचा आडोसा धरून बसल्या, वात शांत होईपर्यंत.

मग तुपाचे हात लुगड्याला पुसले.

"आण इकडं. भूक लागली तिले, अन् तू माणसं पाहून राहिली!"

मुलगी आहे, हे अजून कोणी सांगितलंच नव्हतं!