नाण्यावरचं लोणी

मेलेल्या माणसाच्या तोंडातून काढलेली वस्तू तुम्ही घरात, काचेच्या कपाटात, वर छोटा लाइट लावून ठेवाल का?

नाही म्हणालात ना? माझा अण्णामामाही नाहीच म्हणाला असता. आणि तरी त्याने ती ठेवली.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात वह्यांपेक्षा पत्रकं जास्त होती, मी वाचायलाच त्यांवर शिकले. करणी, भानामती, अंगात येणं... सगळ्यांविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत आणि विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर उभं राहून वाटली आहेत. त्यामुळे हे इथे लिहिताना मला लाज वाटते. पण जे माझ्या नाकाने हुंगलं ते नाकारू कसं?

अण्णामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. निवृत्त ड्राफ्ट्समन. मामी गेल्यापासून अंबरनाथच्या पुढे, कात्रपच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. त्याचा एकच शौक – नाणी. तीही शिवराई वगैरे नाही. रोमन अमलाखाली भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरच्या गावांनी पाडलेली तांब्या-कांस्याची नाणी. अश्कलोन, कैसरिया, गाझा. एका बाजूला रोमचा बादशहा, दुसऱ्या बाजूला गावाचा देव.

"म्हणजे भिंतीवर साहेबाचा फोटो आणि ड्रॉवरमध्ये आपला गणपती," मामा म्हणायचा. मला ते आवडायचं. हरलेल्या गावांनी नाण्याच्या पाठीवर जपलेला हट्ट!

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी त्याने मला मुद्दाम बोलावलं. टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटात एक मातीने लडबडलेलं नाणं. गाझाचं. उभी देवी, पायाशी गाय, बाजूला ग्रीक अक्षरांत गावाचं नाव.

"उल्हासनगर कॅम्प पाचमधून आणलंय. जुन्या नाण्यांचा व्यापारी आहे ना, त्या गोपशेठकडून."

"मग अस्सल कसलं? उल्हासनगरचंच असेल," मी हसले.

"मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, साईं, मिट्टी के साथ आया है, धोया भी नहीं. मुर्दे के मुँह में रखते थे ये लोग. इससे ज्यादा असली क्या चाहिये?"

माझं हसू तिथेच संपलं. ज्या गावाचं नाव आपण रोज बातम्यांत मेलेल्यांच्या आकड्यांसकट ऐकतो, तिथली थडगी कुणीतरी उकरतंय, आणि कात्रपमध्ये माझा मामा आनंदाने चष्मा पुसतोय!

"मामा, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे."

हे माझं ठेवणीतलं वाक्य. बिल्डर, ठेकेदार, सावकार – प्रत्येकावरच्या पत्रकात मी ते वापरलंय.

"कॉम्रेड," मामा मिश्कीलपणे म्हणाला, "दोन हजार वर्षं झाली. ते लोणी वितळलं केव्हाच."

आणि माझ्यासमोर त्याने जुन्या टूथब्रशने नाणं घासायला घेतलं. राखाडी पाणी बेसिनमधून खाली गेलं. ज्या बेसिनमध्ये तो चूळ भरतो त्याच बेसिनमधून. चहा न पिताच मी निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "अगं, तुझं लोणी आलंय बघ."

मला वाटलं चिडवतोय. पण नाण्यावर खरंच पिवळट, तुपकट थर आला होता. यात नवल काही नाही. हलक्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवली की त्यांच्यावर चिकट थर धरतो, हे नाणी जमवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. मामाने ॲसिटोनने नाणं लख्ख केलं आणि कागदात गुंडाळून काचेच्या कपाटातल्या ट्रेमध्ये, लाइटखाली ठेवलं. सकाळी पुन्हा तेच. कागद पारदर्शक झालेला, वडापावच्या कागदासारखा. त्याच ट्रेमधली बाकीची नाणी मात्र कोरडी ठणठणीत.

मग मामाचं जेवण सुटलं. काहीही तोंडात घातलं की खवट लोण्याची चव. वरण, पोळी, केळं, साधं पाणीसुद्धा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, दोष सापडेना. मामाची गालफडं बसली, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. आई डबा पाठवायची, तो तसाच परत यायचा.

"मनाचं आहे," मी ठासून सांगितलं. "मीच ते वाक्य बोलले, ते त्याच्या डोक्यात बसलं." सिद्ध करायला नाणं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मी अंबरनाथला घरी आणलं. आईला एक शब्द सांगितला नाही.

दारातच आईने नाक मुरडलं. "कुणाच्या मातीला जाऊन आलीस का? आंघोळ कर आधी."

"का गं?"

"आजी गेली तेव्हाचा वास येतोय तुझ्या अंगाला." आणि मग ती खाली बसली. "तिच्या टाळूवर अण्णाने लोणी ठेवलं होतं. शेजारच्या गोठ्यातलं. चुलीपाशी ठेवून ठेवून धुराचा वास लागलेलं. तसाच वास आहे, अगदी तस्सा."

मी ती म्हण शंभरदा छापली असेल. आमच्याच घरात कुणी खरोखर मढ्याच्या टाळूवर लोणी ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

तरी हट्ट सोडला नाही. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये माझी मैत्रीण आहे. थोडा थर खरवडताना तो धुरकट वास माझ्याही नाकात गेला; तसाच तो तिला नेऊन दिला. तिचा फोन आला, "लोणी आहे गं! ह्याला लॅब कशाला पाहिजे? पोळीला लाव."

डबा घेऊन मी मामाला सोबत घेतलं आणि गोपशेठकडे गेले. नाणं परत घ्यायला तो तयार नव्हता. "वास येतो? मग तर अजून असली आहे, साईं!"

"कहाँ से आया?" मी विचारलं.

"दुबई से."

"दुबई के पहले?"

"बेटी, दुबई के पहले कुछ नहीं होता."

असं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने माझा हात धरला. "चल. ह्याच्याकडे ठेवलं तर हा पुढच्याला विकेल."

घरी येऊन त्याने गॅलरीतली रिकामी कुंडी ओढली. नाणं पुसलं नाही, धुतलं नाही, तसंच कुंडीच्या तळाशी ठेवलं. "हिची माती मी बेसिनमध्ये सोडली," एवढंच म्हणाला. मग मूठमूठ माती टाकली. तो नाण्यावरच्या देवीबद्दल बोलत होता की ज्या तोंडातून ते निघालं त्या बाईबद्दल, की आजीबद्दल... मी विचारलं नाही. मी, जी कुठल्याही विधीला उभी राहत नाही, तीही मूठभर माती टाकून मोकळी झाले.

हात धुताना मामा म्हणाला, "मातीला आलीस ना? आंघोळ करून मगच जा."

आंघोळ करून मी पिठलं-भात टाकला. मातीहून आलेल्या घरात आपल्याकडे जे करतात तेच. मामाने पहिला घास भीत भीत घेतला. मग दुसरा. मग म्हणाला, "मीठ कमी आहे, कॉम्रेड," आणि पुन्हा वाढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नाणं अजून कुंडीत आहे. वास नाही. मामा बरा आहे, नवीन नाणं घेत नाही. हे काय होतं? मला माहीत नाही. माझ्या आजीच्या टाळूवरचं लोणी समुद्रापलीकडच्या नाण्यावर कसं आलं, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात नाही. पण किळस कशाची वाटायला हवी हे मला पक्कं कळलंय. त्या थराची नाही.

म्हणून मागणं एकच. तुमच्यासमोर कुणी मातीसकट नाणं ठेवलं आणि ही माती अस्सलपणाची खूण आहे असं म्हणाला, तर त्याला विचारा: ही माती कुणाची? उत्तर मिळालं नाही तर नाणं खाली ठेवा. घरी जा, आंघोळ करा, आणि मग जेवायला बसा.