बाळंतिणीच्या खोलीतला पहारा

अशी जवळ सरक गो, म्हणजे आहेस तिथूनच मनाने सरक. आजोबांचं नाव काढलं की फोनवर खिदळतेस, ते काही मला आवडत नाही. हसायचंच तर सगळं ऐकून हस. तुझ्या आजोबांइतकी चोरांची वाट पाहणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्या घरी चोर म्हणून कधी फिरकला नाही.

मी तुझ्या आईची मामी, तोंडवलीत त्यांच्या कुंपणाला लागून माझं घर, तेव्हा सगळं डोळ्यांनी बघितलेलं. विहिरीच्या बालदीला कुलूप, कोंबड्यांच्या खुराड्याला कुलूप. देवळात निघाले की दाराचं कुलूप ओढून बघायचे, पाणंदीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. एकदा ओढता ओढता कडीच उपटून हातात आली, तर मला म्हणतात, "बघ, म्हणान ओढून बघूक व्हया."

तू झालीस त्या वर्षी, म्हणजे ऐंशीनंतरची गोष्ट, ते कुवेतची वायरमनची नोकरी सोडून आले. लोक तिकडून टेपरेकॉर्डर आणायचे, यांनी एक पांढरी पेटी आणली. तिला लाल डोळा. अंगाची ऊब घेऊन कुणी समोर हललं की तिला कळायचं आणि भोंगा वाजायचा. ती त्यांनी बसवली कुठे, तर बाळंतिणीच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. आणि दाराशीच तर शेगडी. करवंट्यांचे निखारे, ओव्याची धुरी, तुला नि तुझ्या आईला शेक. माझ्या नणंदेने, तुझ्या आजीने, निखाऱ्यांवर विंझणा फिरवला की भोंगा सुरू. तू दचकून रडायचीस आणि माडावर चढलेला गडी वरून विचारायचा, "आग खंय लागली?"

"ह्यां यंत्र कुवेतात सोन्याच्या दुकानात बसवतत," भावजी, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले. "माजी नात सोन्यापेक्षा कमी आसा काय?"

"पण दुकानात बाळंतीण निजता काय?" आजी म्हणाली. "शेगडी हलूची नाय."

शेगडी हलली नाही आणि भावजी बधले नाहीत. पेटी वर नेली, खाली आणली, पुढे पत्रा लावला, तरी भोंगा वाजायचाच. त्यातच पिंगुळीहून तुझी दुसरी आजी अळिवाचे लाडू घेऊन आली. हात शेकायला वाकली मात्र, भोंग्याने तिच्या हातातला डबा पडला. लाडू गोळा करत शांतपणे म्हणाली, "आमच्याकडेय शेगडी आसा, पण ती बोंब मारीत नाय. उद्या गाडी घेऊन येतंय, सुनेक नि नातीक न्हेतंय."

बारशाआधी लेक माहेरातून उठून जायची, म्हणजे माहेराची केवढी नामुष्की, ते तुला आता कळणार नाही. आजीने पदर डोळ्याला लावला. तुझी आई म्हणाली, "बाबा, यंत्र तरी ठेवा, नायतर माका."

भावजी त्या दुपारी शेगडी आणि पेटी यांच्या मधोमध सूप धरून बसले. निखाऱ्यांची धग पाठीला, हात वर, घामाने निथळतायत, पण खाली ठेवतील तर शपथ. तू झोपलीस, तुझी आई कित्येक दिवसांनी गाढ झोपली. मग यांचाही डोळा लागला, सूप कलंडलं आणि भोंगा वाजला. तू काळीनिळी होईतो रडलीस. तेव्हा उठले, कुणी न सांगता पेटी उतरवली, खोक्यात घातली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले.

सकाळी विहीणबाई आल्या. "कोण?" भावजींनी दारात अडवलं.

"डोळे गेले काय तुमचे?"

"आधी हात शेका. मग आत."

विहीणबाईंनी भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मुकाट हात शेकले, तुला मांडीवर घेतलं, जेवल्या आणि एकट्याच पिंगुळीला गेल्या. बारसं तोंडवलीतच झालं. तोवर ती खुर्ची हलली नाही, आजीलासुद्धा दर खेपेला "कोण?" विचारायचे, आणि ती मेली दर खेपेला उखाण्यात त्यांचं नाव घेऊन उत्तर द्यायची.

आता आजी नाही. भावजी थकलेत, कानांनी कमी ऐकतात. संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात, तुझा विषय निघाला की कप हातात तसाच राहतो. पण तुला ये म्हणून ते सांगायचे नाहीत. सारा जन्म माणसं दारात अडवण्यात गेला, बोलवायचं कसं ते शिकलेच नाहीत. म्हणून मी सांगते. लवकर ये गो.