आधण ठेवलंय, माय

फोन आला तेव्हा मी मुरबाडला होते, मुलीच्या सासरी. वंदाला बाळ होऊन सतरा दिवस झाले होते. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते आणि जावई मोबाईल माझ्या कानाला लावून उभे राहिले, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले. पलीकडून आमचे मालक बोलले, “वैनी गेली.” मग म्हणाले, “दुपारचं आधण ठेवलं नि ओटीवर येऊन बसली. मला वाटलं बसलीय. भांडं करपल्याचा वास आला तेव्हा मी हाक मारली.” मी मुरबाडहून शहापूरची एसटी धरली. गाडीत रडू आलं नाही. सारखं एकच मनात येत होतं, की चुलीवरचं भांडं कुणी उतरवलं असेल का.

गेली ती माझी थोरली जाऊ. नाव चांगुणा, पण घरात आणि गावात सगळे तिला बाय म्हणायचे. थोरले दीर लग्नानंतर चार वर्षांतच वारले होते. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणाले माहेरी जा, पण ती राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनेच माझ्या डोक्यावरून तांदूळ ओवाळून टाकले आणि कानात म्हणाली, “घाबरू नको गो यमे, ह्या घरात कोन चावत नाय.” मी फार लाजरी. चौथीपर्यंत शाळा केली, तीही मागच्या रांगेत बसून. अजूनही कुणाच्या दारात उभं राहून काही मागायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. हे लिहिते आहे तेही वंदाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. बायबद्दल तोंडाने बोलायला गेले असते तर दोन वाक्यांत संपलं असतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. मालक कामाला होते तो कारखाना बंद पडला. बंद म्हणजे तसा बंदही नाही. कधी म्हणायचे पुढच्या महिन्यात चालू होणार, कधी दिवाळीनंतर. मालक रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर जायचे, गेटजवळ बसायचे आणि दुपारी परत यायचे. डबा मात्र खाऊन यायचे. मधे कुठे आठ दिवस काम मिळालं तर मिळालं. आमचं भात होळीपर्यंत पुरायचं, त्यापुढे विकतचे तांदूळ. आणि विकत घ्यायला हातात कधी असायचं, कधी नाही. एकदम उपाशी मेलो असं काही झालं नाही. पण आज संध्याकाळी काय, हे सकाळी ठाऊक नसायचं. ते एक दिवस ठीक, महिनाभर ठीक. वर्षानुवर्षं तसं चाललं की माणूस आतून दमतं. झोपून उठलं तरी दमलेलंच असतं.

बायची एक रीत होती. घरात तांदूळ असोत नसोत, दिवेलागणीला ती चुलीवर आधण ठेवायची. मग तेलाची वाटी आणि वात घेऊन गावदेवीच्या देवळात जायची. दिवा लावायची, हात जोडायची आणि मोठ्याने म्हणायची, “आधण ठेवलंय गो माय, बाकी तू बघ.” मी एकदोनदा बरोबर गेले होते म्हणून मला ठाऊक. पहिल्यांदा मला तिचा राग आला. घरात दाणा नाही आणि ही चुलीत लाकडं जाळते! एकदा मी विचारलं, “बाय, मागायचंच तर कारखाना चालू होऊ दे असं का नाय मागत?” तर म्हणाली, “देवीला कारखान्यातला काय कळतं? तिला भात कळतो. ज्याला जे कळतं ते मागावं.”

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गावात देवीची मूठ काढायची पद्धत आहे. रोज भाताचे तांदूळ मोजले की त्यातून एक मूठ बाजूला काढायची आणि देवघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मडक्यात टाकायची. चैत्रात देवीची जत्रा होते, तेव्हा प्रत्येक घरची बाई आपलं मडकं डोक्यावर घेऊन देवळात जाते आणि अंगणात पसरलेल्या चादरीवर सगळ्यांच्या देखत ओतते. त्या तांदळाचा भंडारा होतो. मडक्यात गेले की ते तांदूळ देवीचे. घरात काही नसलं तरी त्याला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं.

एका संध्याकाळी बाय देवळात गेली होती. आधण उकळत होतं. वंदा पाच वर्षांची होती, थाळी पुढ्यात घेऊन बसली होती. रडत नव्हती, थाळीत बोटाने रेघा मारत होती. रडली असती तर बरं झालं असतं. शेजारी जाऊन वाटीभर तांदूळ मागावेत म्हणून मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा मी देवघराकडे वळले. मडक्यावरची करवंटी काढली आणि चार मुठी तांदूळ काढून आधणात टाकले. घाईत काही दाणे चुलीत पडले. बाय आली. भांड्यावरचं झाकण हलताना पाहिलं. मी म्हणणार होते शेजारच्यांनी दिले, पण ते खोटंही माझ्या तोंडातून फुटेना. बायने काही विचारलंच नाही. दाराकडे तोंड करून हात जोडले, “दिला बघ मायनी.” मग माझ्याकडे न बघता चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, “कुठून आला ते इचारायचा नाय. इचारला तर देनारा लाजतो, परत येत नाय.”

त्यानंतर ते होतच राहिलं. रोज नाही, पण महिन्यातून तीनचारदा तरी. ती आधण ठेवायची, देवळात जायची, आणि मी देवीच्या मडक्यातून चोरायचे. देवीचंच चोरून देवीच्या नावावर खपवायचे. मला तिचा राग यायचा. ती किती शांत असायची! तिचा देव तिला देत होता, आणि माझ्यामुळे देत होता. पाप माझं आणि भरवसा तिचा. कधी वाटायचं सरळ सांगून टाकावं, तुझी देवी देत नाय, मी देते. पण मग तिच्याकडे काय राहिलं असतं? आणि खरं सांगायचं तर मलाही दुसरा रस्ता नव्हता.

फाल्गुन लागला की मी दिवस मोजायला लागायचे. आता जत्रेत मडकं ओतायचं, आणि त्यात असतील किती? पहिल्या वर्षी तर मला ताप भरला होता. पण जत्रेच्या सकाळी बायने मडकं उचललं तेव्हा ते गळ्यापर्यंत भरलेलं होतं. चादरीवर ओतलं तर धबधब आवाज आला. मी बघतच राहिले. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्याही. मी घाबरले, आणि थोडा विश्वासही बसला. म्हटलं, खरंच देवी भरत असेल. जत्रेआधी बाय आठ दिवस डोळखांबकडे माहेरी जाऊन यायची. परत यायची ती काळवंडून, कपड्यांना धुराचा वास, हाताला फोड. मला वाटायचं, माहेरचे हिला किती राबवतात. मी म्हणायचे, “नको जात जाऊस.” ती म्हणायची, “माहेर हाय गो, जावंच लागतं.”

कारखाना काही चालू झाला नाही. एक दिवस गेटला दुसऱ्याच कुणाचं कुलूप लागलं आणि मालकांनी डबा न्यायचं सोडलं. पुढे आसनगावकडे एका गोदामावर पहारेकऱ्याचं काम मिळालं. पगार कमी, आणि तोही कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी. वंदा शिकली, तिचं लग्न झालं. सगळं झालं. कसं झालं विचाराल तर मला सांगता येणार नाही. रोजचा एक दिवस ढकलला, एवढंच. बायचं आधण मात्र चालूच होतं. गेली काही वर्षं मला मडक्यात हात घालायची वेळ क्वचितच यायची, तरी ती देवळात जाऊन तेच म्हणायची.

बायच्या बाराव्याला पारूआत्या आली होती. देवळाची झाडलोट तीच करते, वयाने सत्तरीच्या पुढे. सगळे उठून गेल्यावर ती मागे राहिली, देवघराच्या कोपऱ्यात जाऊन मडक्यात डोकावली आणि म्हणाली, “औंदा कोन भरनार गो हे?” मी म्हटलं, “म्हणजे?” तर माझ्याकडे बघून हसली. “डोळखांबला तिचं कुठला माहेर? भाऊ कवाच गेला तिचा. माझ्या भावाच्या शेतावर राब भाजायला, पालापाचोळा जाळायला यायची आठ दिस. मजुरी पैशात नाय घ्यायची, तांदूळच घ्यायची. मी म्हनायची, चांगुने, तुझ्या मडक्याला भोक हाय का? तर म्हनायची, भोक नाय गो, उंदीर हाय. पन गुनाचा हाय. आधी घरच्यांना खायला घालतो, मग आपन खातो.”

मी खाली बसले. बसलेच.

पारूआत्या बोलतच होती. तिला वाटलं मी बायच्या आठवणीने रडते आहे. म्हणाली, “देवलात मोठ्यांदा बोलायची ते समद्यांना ठावं. पन मागून हलूच काय बोलायची ते मी झाडताना ऐकलाय. म्हनायची, माय, माझ्या जावेला मागता येत नाय, फार लाजरी हाय. तिला घेता तरी येऊ दे.”

पंधरा वर्षं मी समजत होते की मी तिचा देव सांभाळते आहे. आणि ती दिवा लावायला एवढा वेळ का लावायची, ते मला आता कळलं. मला घ्यायला सवड मिळावी म्हणून! मग भाताचे तांदूळ दिले कुणी? तिने? देवीने? मी? फार विचार केला तर डोकं दुखतं. बायने देवीला तांदूळ मागितलेच नव्हते. जे मागितलं ते मात्र पहिल्याच दिवशी मिळालं होतं.

परवाची गोष्ट. बाराव्यापर्यंत पाव्हणेरावळे येऊन गेले, घरातले तांदूळ संपले. मालकांचा पगार पुन्हा लांबला आहे. सांज झाली तरी मी नुसती बसून होते. मग उठले, ते करपलेलं भांडं घेतलं. घासून घासून खालचा काळा डाग काही जात नाही. त्यात पाणी घातलं, चुलीवर ठेवलं आणि वाटीत तेल घेऊन देवळात गेले. दिवा लावला. मोठ्याने बोलायची मला लाज वाटली, म्हणून मनातच म्हटलं... आधण ठेवलंय, माय. पुढचं मागायला काही सुचलं नाही. तशीच उभी राहिले, बराच वेळ. बाय राहायची तेवढा.

घरी आले तर भांड्यावरचं झाकण हलत होतं. मालक चुलीपासून लांब, भिंतीला टेकून बसले होते, दुसरीकडेच बघत. ह्या माणसाने आजवर स्वयंपाकघरात हाताने पाणीसुद्धा घेतलेलं नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना तांदळाची पांढरी पूड लागली होती. देवघरातल्या मडक्यावरची करवंटी वाकडी बसली होती.

मी विचारलं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि दोन थाळ्या मांडल्या.