प्रतापचं खंडन

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळात विवेक खोब्रागडे आणि प्रताप आगाशे या जोडीला लोक जरा टरकूनच असत. पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, दोघं एका टेबलावर बसले की बाकीचे आपापल्या प्लेटा उचलून हळूच दुसरीकडे सरकत. कारण एकदा यांचं सुरू झालं की ग्रीन कार्ड, घरांचे भाव, मुलांची कॉलेजं सगळं मागे पडायचं, आणि माणूस स्वतःला घडवतो की तो आधीच घडवलेला असतो, यावर श्रीखंड कोमट होईपर्यंत वाद चालायचा. भांडण फ्रान्सच्या तत्त्वज्ञांचं, भांडणारे नागपूर-पुण्याचे, आणि ऐकायला कोणी नाही.

पोटासाठी दोघंही डेटाबेस सांभाळत. फ्रेंच मात्र दोघांनी आपापल्या गावी संध्याकाळच्या वर्गात शिकून घेतली होती. विवेकने नागपुरात इंजिनिअरिंग करता करता. कशासाठी, हे घरी कधी समजावून सांगता आलं नाही. प्रतापने पुण्यात फिल्म क्लबातल्या एका मुलीसाठी. मुलगी पुढे दुसऱ्याच कोणाशी लग्न करून गेली आणि याच्याकडे क्रियापदं उरली. गंमत म्हणजे पॅरिस दोघांनीही विमान बदलण्यापुरतंच पाहिलं होतं. तिथल्या कॅफेत बसून जग उलटंपालटं करणाऱ्या मंडळींची पुस्तकं मात्र दोघांच्या घरी भिंतभर होती.

रविवारी सकाळी प्रतापच्या बेसमेंटमध्ये फ्रेंच सिनेमा. सबटायटल बंद, हा प्रतापचा हट्ट. सिनेमे बहुतेक जुने, काळेपांढरे. त्यात माणसं बोलत राहतात, धूर सोडतात आणि काही घडत नाही. प्रतापची बायको रत्ना त्यांना सिगरेटचे सिनेमे म्हणायची. सिनेमा संपला की दिवे लावायचे आणि भांडायचं. नियम एकच होता. कोणी 'मान्य' म्हणालाच, तर दुसऱ्याने तिथल्या तिथे बाजू बदलायची आणि 'थांब, पण' म्हणून स्वतःच्याच म्हणण्यावर तुटून पडायचं. त्यामुळे वाद कधी संपत नसे. प्रताप अधूनमधून लबाडीने मान्य म्हणून टाकायचा. विवेकने मात्र इतक्या वर्षांत तो शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता.

त्याला कारण होतं. माणूस स्वतःला निवडतो, हे विवेकने पुस्तकात वाचलं ते नंतर. छप्पन साली त्याचे आजोबा नागपूरच्या मैदानात लाखो लोकांत उभे राहिले आणि संध्याकाळी घरी आले ते वेगळे होऊन आले, हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. प्रतापचं म्हणणं बरोबर उलट. आपण बोलत नाही, आपल्या तोंडून घर बोलतं, भाषा बोलते, आडनाव बोलतं. "मी चहात साखर किती घालतो तेही माझ्या बापाने ठरवून ठेवलंय," तो म्हणायचा. त्यावर विवेक एकदा भडकून म्हणाला होता, "असं म्हणायची चैन आगाशांना परवडते. आम्ही असं म्हणत बसलो असतो तर अजून गावकुसाबाहेर असतो." प्रताप त्यावर इतका खूश झाला की वर जाऊन त्याने रत्नाला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. असा मित्र माणसाला एकदाच मिळतो, आणि विवेकला ते माहीत होतं.

मग प्रतापला पॅन्क्रियासचा कॅन्सर निघाला. रविवार चालूच राहिले. फक्त सिनेमा मध्येच थांबवून त्याला बाथरूमकडे धावावं लागे. अशाच एका रविवारी तो परत येऊन सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, "पुढची केमो घेत नाहीये. डॉक्टरला सांगून टाकलं."

दुसरा कोणी असता तर त्याने मित्राचा हात धरला असता. पण या दोघांत हात धरायची पद्धत नव्हती, वाद घालायची होती. विवेक म्हणाला, "म्हणजे निवडलंस तू."

प्रताप हसला. "याला उत्तर आहे माझ्याकडे. नेक्स्ट संडेला देतो."

पुढच्या रविवारी तो औषधाच्या गुंगीत होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. उत्तर राहिलं ते राहिलंच.

शोकसभा लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये झाली, शनिवारी दुपारी. टेबलावर हार घातलेला फोटो, पडद्यावर पुण्याचे नातेवाईक झूमवर, आणि माइकपाशी मंडळाचा सेक्रेटरी देवांग. पहिल्या रांगेत रत्ना, शेजारी तिची मुलगी आन्या. आन्या बॉस्टनला शिकत होती. बापाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत येऊन पोचली होती. लोक उठून बोलू लागले. प्रताप फार गोड होता. हसतमुख होता. गणपतीच्या डेकोरेशनला कधी नाही म्हणाला नाही. कोणाचं वाईट बोलला नाही. विवेक ऐकत गेला तसा आतून पेटत गेला. आयुष्यभर हा माणूस विचार करत होता, आणि त्यातला एक विचारसुद्धा या खोलीत कोणाला ठाऊक नव्हता. त्याला साखरेच्या पाकात बुडवून टाकायचं चाललं होतं. ज्या फ्रेंच मंडळींना हे दोघं मानत, त्यांच्यात मेलेल्या माणसाचा खरा मान एकाच रीतीने करतात: त्याचं म्हणणं गंभीरपणे घेऊन ते खोडून काढायचं. विवेक उठला. त्याच्या बायकोने, उपासनाने, शर्टाची बाही ओढली. त्याचा हा चेहरा ती ओळखत होती.

"प्रताप चुकला होता," त्याने सुरुवात केली.

खोलीत चुळबुळ झाली. विवेकला वाटलं, चला, निदान जागे तरी झाले. मग त्याने प्रतापचा सगळा सिद्धांत मांडला, अगदी न्यायाने, प्रतापने मांडला असता त्याहून चांगला. आणि मग पुरावा म्हणून त्याने सांगितलं, की माणूस निवडत नाही असं जन्मभर म्हणणाऱ्या या माणसाने शेवटी स्वतः निवडलं. डॉक्टर पुढची केमो द्यायला तयार होते, प्रतापने नको म्हणून सांगितलं. उरलेला महिनाभर तो स्वतःच्या मर्जीने जगला. तो वाद हरला, आणि इतक्या सुंदर रीतीने हरलेला माणूस मी पाहिलेला नाही, असं म्हणून विवेक थांबला.

टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत. पण इतकी शांतताही नसते. देवांग माइक घ्यायला पुढे आला आणि तसाच उभा राहिला, कारण आन्या उठली होती. आन्या मराठी फारशी बोलत नसे, कोणी विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. आता ती शब्द शोधत मराठीतच बोलली.

"विवेक काका, बाबांनी स्वतः स्टॉप केलं? एक महिना आधी?"

विवेकने रत्नाकडे पाहिलं. रत्नाने डोळे मिटून घेतले होते.

"मला आई म्हणाली, डॉक्टर ट्राय करतायत. एक्झाम्स संपव, मग ये," आन्या म्हणाली. "माझ्याकडे एक महिना होता. मला तो मिळाला असता."

ती बाहेर गेली. पडद्यावर पुण्याचा काका काहीतरी बोलत होता, पण त्याला कोणी अनम्यूट केलं नाही.

घरी जाताना विवेक पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की मला वाटलं घरात सगळ्यांना माहीत असेल, प्रताप मला सीक्रेट ठेव म्हणाला नव्हता. उपासना गाडी चालवत होती. ती एवढंच म्हणाली, की तुम्ही दोघं एकमेकांशिवाय कोणाशी बोलतच नव्हता, मग तुम्हाला माहीत असणार कसं.

आन्या बॉस्टनला निघून गेली आणि आईचे फोन घेईनाशी झाली. विवेकने तिला लांबलचक मेसेज लिहिले आणि खोडले. प्रत्येकात पहिल्या दोन ओळींनंतर मुद्दे सुरू व्हायचे. शेवटी त्याने एका सकाळी प्रतापचं घर गाठलं. रत्ना गॅरेजमध्ये होती. लायब्ररीतून आणलेले डीव्हीडीवरचे सिनेमे तिने पिशवीत भरून ठेवले होते. ते परत करायचे आहेत, तू नेशील का, असं तिने विचारलं. त्याने माफी मागितली. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत ती थांबली.

"त्याने काही निवडलं नाही, विवेक," ती म्हणाली. "त्याच्या वडिलांनीही असंच केलं होतं. औषध बंद केलं, आणि मुलाला कळवू नका, त्याची परीक्षा आहे, म्हणाले. प्रताप तेव्हा मुंबईत शिकत होता, त्याला शेवटचं भेटता आलं नाही. त्यासाठी तो बापावर जन्मभर चिडून होता. आणि केमो बंद केली त्या दिवशी आन्याबद्दल मला तेच म्हणाला. शब्द न् शब्द तेच. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. रडला. पण बदलता नाही आलं त्याला. मलाही 'नाही' म्हणता आलं नाही."

विवेक पिशवी हातात धरून उभा राहिला. रविवारी मिळायचं राहिलेलं उत्तर हेच होतं.

"आता आन्या माझ्याशी बोलत नाही," रत्ना म्हणाली, आणि तिने बटण दाबलं तसं गॅरेजचं दार त्याच्यासमोर खाली येऊ लागलं.

लायब्ररीच्या बाहेर भिंतीत पुस्तकं परत टाकायची फट आहे. विवेकने एकेक सिनेमा आत सोडला. पलीकडे प्रत्येक डबी आपटल्याचा आवाज आला. मग तो गाडीत येऊन बसला. शेजारच्या सीटवर रिकामी पिशवी होती. आजोबा आठवले, मैदान आठवलं, पण आज त्यांच्या जोरावर बोलता येईना.

"मान्य," तो मोठ्याने म्हणाला.

आणि सवयीने थांबला, प्रतापला 'थांब, पण' म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग त्याहून जास्त थांबला. कोणीतरी बाजू बदलून त्याचं म्हणणं त्याला परत द्यायला हवं होतं, आणि ते देणारं आता कोणी उरलं नव्हतं.